दोन बाकांमधला पूल

चौथीतल्या भिंगरीच्या गटाने दोन बाकांमध्ये आइस्क्रीमच्या काड्यांचा पूल बांधला होता. बाकी गटांच्या पुलांवर बाईंनी एकेक करून पुस्तकं रचली आणि सगळे पूल कडाकड मोडले. भिंगरीचा अजून ओलाच होता, कारण डिंकाची अख्खी बाटली तिने काड्यांवर अन् बाकांवर ओतली होती. “पूल बांधलास की त्याला आंघोळ घातलीस?” बाई म्हणाल्या. “वाळू दे, उद्या बघू.” दुसऱ्या दिवशी भिंगरी दप्तरासकट धावत वर्गात शिरली, तर शाळेच्या मावशी केर काढायला बाक ओढतच होत्या. “मावशी, थांबा, पूल...” तिने डोळे गच्च मिटले. काड्या मोडल्याचा आवाज काही आला नाही, नुसती खरखर ऐकू आली. तिने हळूच एक डोळा उघडला. मावशी तोंडावर हात ठेवून मागे बघत होत्या. “अगं बाई, मी तर एकच बाक ओढलं.”