पुढचं बंदर

इकडे

दादाभाऊ अंगणात आला तेव्हा बायका जात्यावर मुहूर्ताची हळद दळत होत्या. राजुरीत कुणाचा फोन आला की दादाभाऊ एरवी दुकानातूनच कुणाला तरी पिटाळायचा. आज स्वतः आला होता.

"वैनी, मुंबईवरनं फोन आलता. सुदर्शनच्या..."

"पोचला ना दुबईला?" चिमाबाईनं जातं थांबवलं नाही. "म्हणलंच व्हतं, पोचल्यावर कळवंल."

दादाभाऊनं तिच्याकडं पाहिलं. मग तिच्या मुलीकडं, आरतीकडं. आरतीच्या हातात नवा हिरवा चुडा होता.

"पोचला," तो म्हणाला.

"मग दारात का उभं? पाणी घ्या."

त्यानं तांब्या एका दमात रिकामा केला.

"काका, दादा माझ्याशी का नाय बोलला?" आरतीनं विचारलं. "लग्नाला नाय तर नाय, फोनवर तरी!"

"लाईन खराब व्हती, पोरी. घाईत व्हता. बोट दुबईला थांबलीच नाय. पुढच्या बंदराला गेली."

"आमचा दादा! एसटी चुकवायचा, आता बोटबी चुकवली."

बायका हसल्या. बोटीवरच्या नोकरीतली सुदर्शनची ही पहिलीच बोट. बोलावणं आणि बहिणीच्या लग्नाची तारीख एकदमच आली. थांबला असता तर जागा दुसऱ्याला गेली असती. चिमाबाईनंच त्याला जा म्हटलं होतं.

तिकडे

दुबईत ऊन होतं. कंपनीचा माणूस सुदर्शनच्या नावाची पाटी धरून उभा होता. बोट मोंबासाला गेली, तो म्हणाला. दुसरं विमान. मग गाडी.

रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस. एका वळणावर ड्रायव्हर चहाला थांबला. सुदर्शननं बॅग दोन्ही पायांत धरून ठेवली आणि चहा प्यायला. चहा गोड होता.

बंदरावर पोचला तेव्हा धक्का मोकळा होता. बोट सकाळीच सुटलेली.

"दार-एस-सलामला गाठ," कारकून म्हणाला. "आज बाजार आहे, गाडी मिळेल."

इकडे

दादाभाऊच्या दुकानात फोनची काचेची केबिन, शाळेच्या वह्या, आणि भिंतीवर विकायला टांगलेला जगाचा नकाशा. चिमाबाई रोज संध्याकाळी यायची. आज शेजारची बयाबाई सोबत होती.

"आज कुठं हाय?"

दादाभाऊनं नकाशावर पेन्सिल टेकवली. "हितं."

"एवढं लांब? जेवला का?"

"भाकरी मिळाली म्हणला."

"तिकडं कोण थापतंय भाकऱ्या?" बयाबाई फिसकन हसली.

"आपली माणसं कुठं नाय, बयाबाई?"

"ते खरं. पण बोट काय गावंना त्याला. चिमे, मला बाई भ्याच वाटतं. गेल्या खेपेलाबी हळद लागली आन् तुझे मालक गेणभाऊ गेले. सुतक काय, वरीस पाळायचं काय, तंवर त्या पोरानं दुसरी केली. आरतीचं पुन्हा तसं..."

"बया!" चिमाबाई म्हणाली. "दारात मांडव हाय. वंगाळ बोलायचं नाय, आन् ऐकायचंबी नाय."

दादाभाऊ नकाशा गुंडाळायला लागला. मग पुन्हा सोडला.

तिकडे

दार-एस-सलामला पाऊस. दूर पाण्यात एक बोट उभी होती. तीच ती. पण समुद्र खवळलेला, लाँच सुटत नव्हती. सुदर्शन एका वडाखाली बसून राहिला. त्याच्यासारखीच आणखी माणसं तिथं बसली होती. कुणीच कुणाशी बोलत नव्हतं.

इकडे

लग्न लागलं. नवरदेव बोरी बुद्रुकचा. कान पिळायला सख्खा भाऊ नाही, म्हणून चुलतभाऊ ऋषी उभा राहिला. त्यानं असा पिळला की नवरदेव ओरडला, "कान हाय राव, कणीस नाय!" सगळा मांडव हसला.

दादाभाऊ उठून आचाऱ्याच्या चुलीकडं गेला. धूर डोळ्यांत गेला म्हणाला.

व्याही सावळाराम तिथं आले. "पावणं, पोराचा काय ठावठिकाणा?"

"बोट दिसायला लागलीय म्हणं."

"दिसून काय उपयोग? चढला पायजे."

चिमाबाई मागंच उभी होती. "चढंल की," ती म्हणाली. "तुमी पंगतीला बसा, दादाभाऊ. सकाळपासनं पोटात काय नाय तुमच्या."

तो बसला. पानावरचं तसंच राहिलं.

तिकडे

पाऊस थांबला. लाँचवाल्यानं हाक मारली. सुदर्शन बॅग घेऊन उतरला. पायऱ्या शेवाळलेल्या होत्या. लाँच सुटली आणि

इकडे

चिमाबाई दुकानात आली तेव्हा दुपार होती. ती आज केबिनच्या आत स्टुलावर बसली.

"फोन आलता," दादाभाऊ बाहेरूनच म्हणाला. "लाँच सुटली, वैनी. आता एवढ्यात..."

"बोरीला पूजा झाली," चिमाबाई म्हणाली. "आरतीनं पुरणाचा सैपाक केला. सासू लई चांगली हाय."

"बरं झालं."

"मांडव सोडला आमी सकाळी."

"हां."

"आता पुरं करा, दादाभाऊ. लई फिरवलंत त्याला."

दादाभाऊनं दुकानाची फळी धरली.

"सुतक ऐकल्यापासनं लागतं," चिमाबाई म्हणाली. "म्हणून त्या दिवशी तुमाला बोलू दिलं नाय. आता सांगा, कसं गेलं माझं पोर?"