हौद की हौदु

समजा, तुम्ही सातवीच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसला आहात. साल एकोणीसशे चौऱ्याहत्तर, गाव सोलापूर. गिरणीचा दुपारचा भोंगा नुकताच होऊन गेला आहे. समोरच्या खुर्चीवर आज गुरुजी नाहीत, तुमच्याच वर्गातली रुद्राणी बसली आहे. बाक आडवा लावून केलेल्या आरोपीच्या पिंजऱ्यात चन्नप्पा उभा आहे.

तुम्हाला हा खेळ वाटेल. चन्नप्पाला तसं वाटत नव्हतं.

आदल्या दिवशी, सोमवारी, मधल्या सुट्टीत वर्गातला पृथ्वीचा गोल नाहीसा झाला होता. पुठ्ठ्याचा, निळ्या समुद्रांचा, नवा कोरा गोल. पंचाक्षरी गुरुजींनी तो शनिवारीच आणून खिडकीत ठेवला होता. पृथ्वीवर तीन भाग पाणी आणि एक भाग जमीन आहे, असं त्यांनी सांगितलं, तेव्हा मुलींच्या बाकांवरून कुणीतरी विचारलं होतं, "मग ती पाण्यात तरंगते का हो, गुरुजी?" वर्ग खो खो हसला होता.

सोमवारी वर्ग झाडायची पाळी चन्नप्पाची होती. त्यामुळे सगळ्यांनी त्यालाच घेरलं. "तूच घेतलास ना गोल?" महिपतीने त्याची कॉलर धरून विचारलं. चन्नप्पा घाबरून पुटपुटला, ते सगळ्यांना "हौदु..." असं ऐकू आलं, आणि मुलींच्या बाकांकडे बघून तो एकदम गप्प झाला.

चन्नप्पाच्या घरी कन्नड बोलत. अर्धा वर्गच तसा होता. हौदु म्हणजे होय, हे कुणाला सांगावं लागलं नाही.

मुख्याध्यापक म्हणाले, "कबुली आहे ना? मग पटावरून नाव कमी करा." गुरुजींनी एक तास मागून घेतला. "आधी वर्गात त्याचं म्हणणं ऐकू द्या. मग नाव खोडा."

न्यायाधीश म्हणून सगळ्यांनी रुद्राणीचं नाव घेतलं. "मी नको, गुरुजी," ती हात परकराच्या घडीत लपवत म्हणाली. तिची बोटं निळी होती. पण तेव्हा शाईची पेनं गळायची, निळी बोटं सगळ्यांचीच असायची.

"का नको?" गुरुजी म्हणाले. "ज्याचं स्वतःचं काही खटल्यात अडकलंय, त्याने न्यायाला बसायचं नसतं. चन्नप्पा तुझ्या नात्यातला आहे का?"

"नात्यातला नाही," ती हळूच म्हणाली.

"मग बस."

खटला सुरू झाला. महिपती सरकारी वकील. त्याने खांद्यावर आईची काळी शाल घेतली होती.

"जजसाहेब, ह्यो स्वतःच हौदु म्हणाला. साऱ्यांनी ऐकलंय. आता आणखी काय पायजे? ढोल वाजवू का?"

"दोषी, दोषी!" मागून ओरडा झाला.

गुरुजींनी हात वर केला. "गुन्हा शाबित होईपर्यंत तो निर्दोष आहे. कॉलर धरून घेतलेली कबुली तर कुठल्याच कोर्टात चालत नाही. चन्नप्पा, तुला काही सांगायचंय?"

चन्नप्पाने मान हलवली. नाही.

"बघा की! लपवतोय लेकाचा."

"गप्प राहणं म्हणजे कबुली नव्हे, महिपती. त्याला गप्प राहायचा हक्क आहे."

मग रुद्राणीने विचारलं, "चन्नप्पा, तू काल कन्नडमध्ये बोललास की मराठीत?"

त्याने चमकून वर पाहिलं. "मराठीत."

"हौदु म्हणालास की हौद?"

"हौद. हौदापाशी म्हणत होतो. पुढचं तोंडातच राहिलं."

झाडण्याआधी पाणी शिंपडायचं, म्हणून पाळीवाला बादली घेऊन शाळेच्या हौदावर जायचा, हे सगळ्यांनाच माहीत होतं.

"आरं, मग हौदापाशी काय बघितलंस?" महिपती पुढे सरसावला. "बोल की! एवढं बोललास की सुटलास तू."

चन्नप्पाने खुर्चीकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "ते मला सांगायचं न्हाय."

"नाव जाईल तुझं, येड्या!"

"जाऊ दे."

गुरुजींनी घड्याळ पाहिलं. तास संपत आला होता. "जजसाहेब, निकाल?"

रुद्राणी उभी राहिली. "त्याचा शब्द आपण चुकीचा ऐकला. दुसरा पुरावा नाही. गुन्हा शाबित झालेला नाही. चन्नप्पा निर्दोष आहे. त्याचं नाव पटावर राहील."

टाळ्या झाल्या. महिपतीनेसुद्धा शाल काढून ती हवेत फिरवली. चन्नप्पा पिंजऱ्यातून बाहेर आला आणि आपल्या बाकावर जाऊन बसला. गुरुजींनी हसून पट मिटला आणि फळा पुसायला घेतला.

रुद्राणी मात्र आपल्या बाकाकडे गेली नाही. ती खुर्चीवरून उतरली आणि चन्नप्पाने आत्ताच सोडलेल्या जागी जाऊन उभी राहिली. दोन्ही हात तिने परकराच्या घडीतून काढून आडव्या बाकावर ठेवले.

"खुर्चीवर आता दुसऱ्या कुणाला बसवा, गुरुजी," ती म्हणाली. "पृथ्वी तरंगत नाही."