गुडघ्यातला चुना

फुगलेला उजवा गुडघा. तंबाखूची पुडी. सुईनं ओढलेलं गढूळ पाणी. शिंदखेड्याहून धुळ्याला जाणारी एसटी.

प्रेमराज नानांना खात्री होती, हा युरिक अ‍ॅसिडचा गाऊट. डाळ बंद केली की संपलं. तंबाखू मात्र बंद होणार नव्हती. धाकटा भाऊ तोंडाच्या कॅन्सरनं गेला, त्याच्या तेराव्यालाही नाना मागच्या दारी उभे राहून मळत होते. त्या दिवसापासून भिकुबाई नवऱ्यापुढे हात जोडत होत्या, रुसत होत्या, शपथा घालत होत्या. नाना नुसते हसायचे.

धुळ्याच्या डॉक्टरांनी रिपोर्ट उघडला. "नाना, हा गाऊट नाही. गुडघ्याच्या पाण्यात कॅल्शियमचे बारीक खडे सापडलेत."

"कॅल्शियम म्हंजे?"

डॉक्टरांच्या आधी भिकुबाईच बोलल्या. "चुना! तंबाखूसंगे खाई खाई बठ्ठा चुना गुडघामा जमी गया. आते भोगा!"

नानांनी घाबरून डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर मान खाली घालून गोळ्या लिहीत होते.

गुडघ्यात इंजेक्शन घेऊन बाहेर पडताना नानांनी पुडी आणि चुन्याची डबी, दोन्ही फेकून दिल्या. आठवड्याभरात सूज उतरली. आता दूध डेअरीवर कुणी मळताना दिसला, की नाना लांबूनच ओरडतात, "फेक रे भो, गुडघा जाई तुना!"



चुना खाल्ल्यानं असे खडे होत नाहीत, हे डॉक्टरांनी भिकुबाईंना धुळ्याला जायच्या आदल्या दिवशीच फोनवर सांगितलं होतं.