गाभ्याच्या सावलीतली मुलगी

उपग्रह कोसळल्यापासून जगाचे निरोप जमिनीतून, हादऱ्यांच्या लाटांवरून जात होते. कोयनानगरच्या संदेश-केंद्रात वृषाली शेलार पाचव्यांदा खुर्चीवरून उठल्या. कॅलिफोर्नियात भूकंप होऊन सहा दिवस झाले होते आणि तिथे राहणाऱ्या त्यांच्या मुलीचा, मृण्मयीचा, काही पत्ता नव्हता.

"लंडनला शब्द न् शब्द पोचतो. माझ्याच लेकीला का नाही?"

"काकू, ती पृथ्वीच्या गाभ्याच्या सावलीत आहे," केंद्रावरचा मुजावर म्हणाला. "सरळ लाट तिथं जातच नाही. थोडी गाभ्याच्या कडेनं वळून पोचते, पण वाटेत शब्द झिजतात. तिथल्या केंद्रावर जड ठोके तेवढे ऐकू येतात."

"मग हे आधी नाही का सांगायचं!"

त्या तरातरा घरी गेल्या आणि मसाल्याचं मुसळ घेऊन आल्या. दर उन्हाळ्यात मायलेकी समोरासमोर उभ्या राहून मसाला कांडायच्या. आई थांबली तरी मृण्मयी एक घाव जास्तीचा घालायचीच, आणि त्यावरून बोलणी खायची.

वृषालीबाईंनी निरोप धाडायच्या यंत्राच्या लोखंडी पाटावर पाच घाव घातले. मग त्या दार ते खिडकी येरझाऱ्या घालत राहिल्या.

अर्ध्या तासाने पडद्यावरची रेघ उसळली. एक, दोन, तीन, चार, पाच.

मुजावरने मान खाली घातली. "काकू, हा प्रतिध्वनी असेल. आपलेच ठोके परत आलेत."

"थांब जरा."

रेघ आणखी एकदा उसळली.

"कार्टीची खोड काही गेली नाही," वृषालीबाई म्हणाल्या आणि सहा दिवसांत पहिल्यांदा पाठ टेकून बसल्या.