ओलं बोट

राष्ट्रीय ग्रंथालयातल्या एका जुन्या ग्रंथावरून यंत्राचा निळा उजेड सरकत होता. नातीचं औषध बनवायला तिच्या आजोबांच्या पेशी हव्या होत्या, आणि त्यांची राखसुद्धा कधीच नदीत गेली होती. द्रुपदाबाई पदर मुठीत धरून बसल्या होत्या.

"इथेच बाइंडर होते ना ते. पानं तपासताना बोटाला थुंकी लावायचे. साहेबांच्या रोज शिव्या खायचे."

"मीही दिल्या असत्या, आजी," ग्रंथपाल तांबोळी म्हणाले. तेवढ्यात यंत्र वाजलं. "सापडले! पानापानाच्या कोपऱ्यात आहेत आजोबा. औषध होणार!"

द्रुपदाबाईंचा जीव भांड्यात पडला. सहीचे कागद पुढे आले, तेव्हा वाचायला शिकवताना नवऱ्याने दाखवलं होतं तसंच त्यांनी बोट जिभेला लावून पान उलटलं. तांबोळींनी मुद्दाम खिडकीबाहेर पाहिलं.