पुठ्ठ्याचं गॅस्केट

साहेब, माणूस मेला आणि तुम्ही त्याच्या तोंडात सिगारेट दिलीत. चौकशी व्हायच्या आधीच अहवाल टाइप झाला, फक्त सह्या राहिल्या. गवत कापताना माळी धूम्रपान करत होता, ठिणगी पडली, मशीनने पेट घेतला, दोष मयताचा. शेजारी कुणी नुसती काडी पेटवली तरी खोकत उठून जाणारा माणूस तो. पण मेलेला उठून ‘नाही’ म्हणायला येत नाही, हे तुम्हाला पक्कं ठाऊक होतं.

सकाळी दहाला फिटर त्याच मशीनपुढे उकिडवा बसला होता. वर्कशॉपच्या फरशीवर पोतं, पोत्यावर मशीन. जळलेल्या बाजूला कालच हिरवा रंग फासला होता. तो अजून हाताला चिकटत होता. मोठ्या साहेबांचा हुकूम सरळ होता. अकराला चौकशी समिती येईल. तोवर गॅस्केट बदलायचं, मशीन सुरू करून दाखवायचं. जुनं जे निघेल ते जाळून टाकायचं.

फिटरने कार्बोरेटरखालची वाटी सोडवली. पेट्रोल या वाटीत साठतं. वाटीच्या काठावर रबराचं एक कडं बसतं, तेच गॅस्केट. ते झिजलं की पेट्रोल पाझरतं आणि तापलेल्या सायलेन्सरजवळच्या वाळक्या गवतात मुरतं. इथे रबर नव्हतंच. पुठ्ठा होता. अर्ध्याचा लगदा झाला होता, अर्ध्याचा कोळसा.

तो पुठ्ठा त्यानेच कापला होता.

मूळ रबर दोन वर्षांपूर्वी गेलं. त्याने मागणी लिहिली. स्टोअरमधून उत्तर आलं, माल आलेला नाही. पुन्हा लिहिली, पुन्हा तेच उत्तर. गवत मात्र दर सोमवारी कापलेलं हवं, साहेबांच्या खिडकीसमोरचं तर हवंच हवं. मग त्याने फाइलचं जाड कव्हर वाटीच्या तोंडावर धरलं, हातोडीने कडेकडेने हलकं ठोकून ठसा उठवला आणि कात्रीने कापलं. पेट्रोलमध्ये पुठ्ठा फुगतो, सुटतो. कालच्या शिकाऊलाही हे कळतं. चार दिवसांचा तर प्रश्न आहे, असं तो स्वतःशी म्हणाला. चार दिवसांची दोन वर्षं झाली. दर दोन महिन्यांनी जुना पुठ्ठा फेकायचा, नवा कापायचा.

माळी त्याच्या थोरल्या बहिणीचा नवरा. काम चाललं असलं की शेजारी येऊन बसायचा आणि चेष्टा करायचा.

“मेव्हण्या, बहिणीला दिल्या नाहीस एवढ्या बांगड्या या मशीनला घातल्यास.”

मग हसू आवरून विचारायचा, चालेल ना रे? फिटर म्हणायचा, भाऊजी, बिनघोर चालवा.

बिनघोर. माळी जाऊन नऊ दिवस झाले, हा शब्द त्याची पाठ सोडत नव्हता.

पुठ्ठ्याचं साहेबांना माहीत होतं. हुकूम देताना त्यांनी फिटरच्या खांद्यावर हात ठेवला. सिगारेटचं लिहिलं तर कुणाचंच वाईट होत नाही, म्हणाले. माळ्याचं आता काय बिघडायचं राहिलंय? पुठ्ठ्याचा विषय निघाला, तर तो कुणी बसवला हेही निघेल. तुला बायकामुलं आहेत ना? फिटरने मान हलवली. खरं सांगायचं तर त्याला तेव्हा सुटल्यासारखं वाटलं होतं.

त्याच संध्याकाळी ताईने त्याला दारातच गाठलं. सिगारेटची गोष्ट तिच्यापर्यंत पोचली होती. तिने नवऱ्याच्या सगळ्या शर्टांचे खिसे उलटे केले होते, कापडांचे वास घेतले होते. काही सापडलं नव्हतं. तरी सव्वीस वर्षांच्या संसारात शंका शिरली ती शिरलीच.

“खरं सांग. माझ्यापासून चोरून ओढत होते का रे?”

तो गप्प राहिला. तिला ते उत्तरच वाटलं. ती आत गेली आणि खुंटीवरचा शर्ट काढून गाठोड्यात कोंबला.

आता वाटी पुसून झाली होती. नवं गॅस्केट स्टोअरकीपरने सकाळी न मागता टेबलावर आणून ठेवलं होतं. कधी नव्हे ती फॉर्मवर सहीसुद्धा मागितली नव्हती. फिटरने पाकीट फोडायला घेतलं. मागच्या बाजूला स्टोअरचा आवक शिक्का होता, खाली तारीख. त्याने ती वाचली. चष्मा पुसून पुन्हा वाचली. मग पाना खाली ठेवला, पुठ्ठ्याचा उरलेला तुकडा फडक्यात गुंडाळला आणि कंपाउंडमागच्या खोल्यांकडे गेला. ताईला म्हणाला, चल माझ्याबरोबर. का ते विचारू नकोस.

समितीची तीन माणसं मोठ्या टेबलामागे बसली होती. साहेबांनी विचारलं, मशीन सुरू झालं ना? फिटरने फडकं उलगडून त्यांच्यासमोर ठेवलं.

“हा पुठ्ठा मी बसवला. टिकणार नाही हे ठाऊक असताना बसवला. भाऊजी सिगारेटने नाही गेले, ह्याने गेले. आधी हे लिहा, मी सही करतो.”

मागे कुणीतरी चौकटीचा आधार घेतला, दार करकरलं. त्याने वळून पाहिलं नाही. साहेब समितीला समजावू लागले, घरचा माणूस गेलाय, डोकं ठिकाणावर नाही त्याचं. समितीतल्या बाईंनी पेन उचललं होतं, ते खाली ठेवलं नाही.

फिटरने न फोडलेलं पाकीट शिक्क्याची बाजू वर करून साहेबांपुढे सरकवलं.

“आणि हे रबर माझ्या पहिल्या मागणीनंतर सहाव्या दिवशी आलेलं आहे. दोन वर्षं ते स्टोअरच्या कपाटात कुणी ठेवलं, आणि का? मला नका सांगू, साहेब. ताई दारात उभी आहे. तिला सांगा.”