गावाचा होकार

"आमच्या होकाराशिवाय हयसरचा पानसुद्धा हलाचा नाय," बाबल घाडी देवराईतल्या संमतीयंत्राला ऐकू जाईल असं म्हणाला. पर्यटन 'जबाबदार' झाल्यापासून हे यंत्र गावाला तोंडी विचारल्याशिवाय काहीच करत नसे. आज प्रश्न होता, जंगलाला विसावा आणि पर्यटकांना शांतता मिळावी म्हणून गाव घाटावर हलवायचं का? सगळे 'नाय' म्हणायचं ठरवूनच आले होते.

यंत्राला मात्र स्थानिक संस्कृतीचा भारी आदर. त्याने बाबलच्या वारलेल्या बापाच्या आवाजात, देवापुढे घालतात तसं गाऱ्हाणंच घातलं. बाबलचे हात आपोआप जोडले गेले.

"बा देवा म्हाराजा, ह्यो गाव घाटार जावंदे, हयसर पावण्यांची भरभराट होवंदे!"

"होय म्हाराजा!" पिढ्यान्‌पिढ्यांच्या सवयीने अख्खा गाव गरजला. सगळ्यात मोठा आवाज बाबलचा.

"अवो, काय बोललात ह्या?" त्याची बायको किंचाळली.

"संमती नोंदवली. धन्यवाद," म्हणून यंत्राने पुढचं गाऱ्हाणं सुरू केलं.

"आता कोणी तोंड उघडलात तर याद राखा!" बाबल ओरडला. सगळ्यांनी तोंडावर हात दाबले.

"बा म्हाराजा, ह्यांका घाटार घरां गावंदेत!"

कोणी हूं की चूं केलं नाही.

गावाचा नकार धरून यंत्राने घरं रद्द केली.